कापडी पिशवी आहे, तरी प्लॅस्टिक घरात येतंच? या चुका टाळा

मार्च २०१८मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. तेव्हापासून बऱ्याच घरांत पिशव्या कमी झाल्या नाहीत, उलट 'कापडी' पिशव्यांचा वेगळा ढीग साठला. भाजी मात्र अजून प्लॅस्टिकमधूनच येते. चुका त्याच त्या आहेत.

नॉन-वोव्हनला कापड समजणं

सगळ्यात मोठी फसगत हीच. हाताला कापडासारखी लागणारी ती लाल-हिरवी पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. ती विणलेली नसते, तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवलेले असतात. उजेडाकडे धरून बघा: उभे-आडवे धागे दिसत नाहीत, बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. तरी शंका असेल तर कडेचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवा. वितळून कडक मणी झाला तर प्लॅस्टिक. कागद जळल्यासारखा वास येऊन राख पडली तर सुती.

वाण, आहेर, नेत्याचा फोटो छापलेली दिवाळी भेट, सगळं आता याच पिशवीतून येतं. ती गॅलरीत खुंटीला टांगली जाते आणि ऊन खाऊन कुरकुरीत होते. मग एक दिवस तीन किलो कांद्यांसकट जिन्यात बंद तुटतो, कांदे गडगडत पार्किंगपर्यंत जातात आणि पिशवी उचलावी तर हाताला रंगीत भुसा लागतो. तो झाडून गटारात गेला की पुन्हा वेचणं कोणाच्या बापाला शक्य नाही. ६० जीएसएमपेक्षा (म्हणजे दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा) हलक्या नॉन-वोव्हन पिशव्यांना केंद्राच्या नियमांनी ३० सप्टेंबर २०२१पासून मनाई आहे. बाजारात फिरलं तर हे कोणाला पटणार नाही. घरात आहेत त्या फेकू नका. सावलीत ठेवा, कोरड्या सामानाला वापरा, नवीन मात्र घेऊ नका.

हौसेने दहा पिशव्या आणणं

नवशिक्यांची घाई इथे दिसते. आधी खरेदी, सवय नंतर बघू! कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११मध्ये काढलेल्या हिशेबानुसार, हवामानावरचा परिणाम पाहता, एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर एका पिशवीला सव्वा वर्ष. दहा पिशव्यांचं गणित तुम्हीच करा.

दोन पुरतात, त्याही जुन्या चादरीच्या. नवं मांजरपाट घेतलं तर आधी धुऊन आटवा, मग कापा. १५ बाय १७ इंच पुरे. बंदांची टोकं दोन इंच आत घेऊन चौकोनी शिलाई आणि त्यात फुली मारून घ्या. नुसती वरून एक शिलाई मारून देणाऱ्या टेलरला पिशवी देऊच नये.

पिशवी उशिरा काढणं

भाजीवाल्याचा हात तुमच्यापेक्षा चपळ असतो. तागडीतली भेंडी प्लॅस्टिकमध्ये ओतून गाठ मारायला त्याला दोन सेकंद लागतात, तुम्ही अजून पर्समध्ये चाचपडताय. म्हणून भाव विचारायच्या आधी पिशवी उघडून धरा आणि 'यातच ओता' म्हणा. गाठ मारून झाल्यावर 'नको नको' केलं तर ती पिशवी बहुतेक वेळा कचऱ्यातच जाते.

एकच मोठी पिशवी नेली की दुसरी पंचाईत: चिखलाची मेथी, मिरच्या आणि टोमॅटो एकत्र कालवले जातात. जुन्या सुती साडीच्या ८ बाय १० इंचांच्या, नाडी ओवलेल्या पाच-सहा छोट्या पिशव्या आत ठेवा. कांदे-बटाटे तळाला, टोमॅटो शेवटी. घरी आल्यावर पिशवी उलटी करून वाळवा, नाहीतर काळे डाग पडतात आणि कुबट वास जात नाही. वाळली की त्याच दिवशी परत डिकीत. कपाटात घडी घालून ठेवलेली पिशवी बाजारात उपयोगाची नाही.

मासळीला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. वजन तागडीतच करून घ्या, मग डब्यात. रिकाम्या डब्याच्या वजनावरून हुज्जत होत नाही.

बाकी किरकोळ

'कंपोस्टेबल' छापलेली पिशवी कुंडीत विरघळत नाही. तिला खतप्रकल्पातली उष्णता लागते. नाल्यात ती इतर पिशव्यांसारखीच अडकते.

ओला कचरा पिशवीत गाठ मारून देऊ नका. डब्यात वर्तमानपत्राचे दोन थर घाला, कचरा त्यावर.

निर्माल्य पिशवीसकट पुलावरून फेकणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. फुलं कुंडीत जिरतात, हार असेल तर आधी दोरा काढा.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका. तो चिमुकला तुकडा भंगारवाला घेत नाही, वेचणाऱ्याच्या हाताला लागत नाही. अर्धवट चीर द्या, तुकडा लोंबता राहू द्या. पिशवी धुऊन उलटी वाळवा आणि साठली की कोरड्या कचऱ्यात एकत्र द्या.