रविवारचं जुळवणीचं पान

2022 साली बी.कॉम.ला आले तेव्हा नव्या वहीच्या पहिल्याच पानावर मी लाल पेनानं एकच शब्द लिहिला होता: डिस्टिंक्शन. पहिल्या इंटर्नलला अकौंट्समध्ये 20 पैकी 7 पडले. त्या रात्री ते पान उघडून बसले, आणि सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे तो शब्द मला सांगतच नाही, हे तेव्हा कळलं. आता माझी धाकटी बहीण त्याच वाटेनं बेळगावला निघाली आहे. तिच्यासाठी, आणि खानापूर, चंदगड, निपाणीकडून रोज बसनं येणाऱ्या सगळ्यांसाठी, तीन वर्षांत मला जे जमलं ते लिहिते.

ध्येय लिहायच्या आधी तास मोजा. एक आठवडा फक्त एवढंच करा. आमचं गाव नंदगडच्या पुढं. सकाळी पावणेसातला घर सोडायचं, खानापूरला बस बदलायची, तिथून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. परत यायला चार-साडेचार. मग गोठा, पाणी, चुलीपाशी आईला मदत. रात्री साडेसात ते साडेनऊ हे माझे हक्काचे तास, त्यातही दोन-तीन दिवस कोणी ना कोणी पाहुणे. रविवार धरून आठवड्याचे 13 तास निघाले. माझ्या वहीत मात्र 30 तासांचा अभ्यास लिहिलेला होता. म्हणजे तो आठवडा सुरू व्हायच्या आधीच बुडालेला होता, आणि मी आळशी आहे असं समजून उगाच स्वतःला बोल लावत होते.

त्या 13 तासांत बसतील अशी तीनच कामं लिहा. प्रत्येक कामात आकडा आणि वार हवाच. ‘अकौंट्स सुधारणे’ असं लिहू नका. ‘मंगळवार आणि गुरुवारी रात्री घसाऱ्याची दोन-दोन गणितं, पुस्तक मिटून’ असं लिहा. झालं की नाही, हे दुसऱ्या कुणाला बघूनही सांगता आलं पाहिजे.

तीनपैकी एक काम भाषेचं ठेवा, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्यातले बरेच जण मराठी शाळेतून थेट इंग्रजी वर्गात येऊन बसतात. पहिल्या महिन्यात सर ‘डेप्रिसिएशन’ म्हणायचे आणि मी नुसती मान हलवायचे. तो शब्द म्हणजे घसारा, वापरानं वस्तूची दरवर्षी घटत जाणारी किंमत, हे कळल्यावर आबांचा पॉवर टिलर डोळ्यांपुढं आला. समजा, टिलर दीड लाखाचा, 8 वर्षं चालेल, शेवटी भंगारात 30,000 येतील. मग 1,20,000 भागिले 8, वर्षाचा घसारा 15,000. सरळ रेषा पद्धत म्हणजे एवढंच. गणित मला येतच होतं, शब्द तेवढा येत नव्हता. म्हणून मी रोज एक शब्द घ्यायची: इंग्रजी शब्द देवनागरीतही लिहायचा, शेजारी मराठी शब्द, खाली घरातलं उदाहरण, आणि मग त्याच उदाहरणावर इंग्रजीत पाच वाक्यं. व्याकरण चुकलं तरी चालेल, पाच म्हणजे पाच. दोन महिन्यांनी उत्तरपत्रिकेत हात अडखळायचा थांबला. ‘इंग्लिश सुधारायचं’ असं ध्येय लिहिणाऱ्या मैत्रिणी तिसऱ्या सेमिस्टरलाही तेच वाक्य लिहीत होत्या. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या.

आता रविवारच्या पानाकडं येते. ही युक्ती मला बँक जुळवणी पत्रकातून सुचली. कॉमर्स नसलेल्यांसाठी सांगते: आपल्या कॅश बुकात एक शिल्लक दिसते, बँकेच्या पासबुकात दुसरीच. तेव्हा फरक कुठून आला ते एकेक नोंद लावून शोधतात. कधी आपण दिलेला चेक अजून वटलेला नसतो. कधी बँकेनं चार्जेस कापलेले असतात आणि आपल्या वहीत त्याची नोंदच नसते. कधी सरळ चूक असते, 540 च्या जागी 450 लिहिलेले. (फरकाला 9 नं भाग गेला की आमचे सर आधी अंकांची अदलाबदल शोधायला लावायचे.)

मी पानाच्या डाव्या बाजूला सोमवारी ठरवलेलं लिहायची, उजव्या बाजूला प्रत्यक्ष झालेलं. पहिल्यांदा आईनं डोकावून विचारलं, ‘‘वहीत काय लिवलीस गे?’’ मी म्हटलं, हिशेब. तो खरोखर हिशेबच होता.

जे झालं नाही त्याच्यापुढं कारण लिहायचं. काही कामं न वटलेल्या चेकसारखी असतात: सुरू झालीत, अर्धी राहिलीत. ती पुढच्या आठवड्यात ओढायची आणि मनाला लावून घ्यायचं नाही. पण एकदाच. बँकेचा चेक 3 महिने चालतो, अभ्यासाचा मी 2 आठवडेच चालू दिला. दुसऱ्यांदा राहिलं तर त्याचे तुकडे करायचे, नाहीतर सोडून द्यायचं.

चार्जेस म्हणजे न सांगता गेलेले तास. सलग चार रविवार लिहिल्यावर मला दिसलं की खानापूर स्टँडवर बसची वाट बघण्यात आठवड्याला चार तास जातात. तेवढ्याच वेळासाठी मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर सूत्रं आणि व्याख्या लिहून पिशवीत ठेवल्या.

चूक सापडणं मात्र सगळ्यात मोलाचं. 11 जून 2023 ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाली, आम्हा मुलींना बसचा प्रवास फुकट झाला. शून्य रुपयाचं तिकीट हातात आलं, पासाचे पैसे वाचले, शेजारची एक मुलगी तर त्यामुळंच कॉलेजला यायला लागली. पण गर्दी वाढली आणि बसायला जागा मिळेना. ‘बसमध्ये रोज 10 पानं वाचणे’ हे माझं काम सलग तीन आठवडे शून्यावर राहिलं. कारणाच्या जागी मी ‘कंटाळा’ लिहीत होते. तिसऱ्या रविवारी नीट आठवून लिहिलं: उभी होते. मग काम बदललं: उभं असताना आदल्या दिवशीचा तास डोळे मिटून मनात उजळायचा, वाचन घरी. म्हणून सांगते, कारणाच्या रकान्यात आळस, कंटाळा, मूड असले शब्द लिहू नका. त्या वेळी तुम्ही कुठं होता आणि हातात काय होतं, ते लिहा.

सेमिस्टर साधारण 16 आठवड्यांचं धरा आणि त्यावर शेताचं वेळापत्रक चढवा. आमच्याकडं सुगी ऐन परीक्षेच्या तोंडावर येते. भातकापणी, मळणी, मग मसूर पेरायची घाई. त्या आठवड्यांत मी तीनऐवजी एकच काम लिहायची आणि त्याची भरपाई गणपतीच्या आधी करून ठेवायची. घरच्यांना परीक्षेच्या तारखा ऑगस्टातच भिंतीवर लिहून दाखवा. आबांनी माझ्या एका पेपरसाठी मळणी दोन दिवस पुढं ढकलली, कारण ती तारीख त्यांना आधीपासून माहीत होती. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली जाणार नाही, याची मोजणीही त्याच पानावर ठेवा.

एक दूरचं ध्येयही असू द्या, पण त्याची दोरी या आठवड्याला बांधा. मला ग्रामीण बँकेत जायचं आहे. इथं त्या नोकरीला कन्नड लिहिता-वाचता-बोलता यावं लागतं. शाळेत कन्नड होतं, पण वाचायचा वेग नव्हता. म्हणून आठवड्यातून तीनदा कन्नड पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायची आणि कंडक्टरशी कन्नडमध्येच बोलायचं. पहिल्या बातमीला 11 मिनिटं लागली होती, ती मी तारीख घालून लिहून ठेवली. आता 3 लागतात.

धाकटीनं काल तिचं पहिलं पान दाखवलं. सात कामं होती. आम्ही दोघींनी बसून चार खोडली, आणि उरलेल्या तिन्हींपुढं तिनं वार घातले.