रंग आला नाही म्हणजे प्रतिपिंड नाहीत? या चुका टाळा

एलायझा ही नमुन्यातले प्रतिपिंड किंवा प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला चिकटते तो पदार्थ) रंगावरून ओळखण्याची चाचणी. तिच्या प्लेटला रंग आला नाही, की नवशिके विद्यार्थी वहीत 'प्रतिपिंड आढळले नाहीत' असे लिहून मोकळे होतात. वास्तविक रंग प्रतिपिंड देतच नाही. तो देते त्याला जोडलेले एन्झाइम, बहुधा हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज. एका विद्यार्थिनीच्या लागोपाठ तीन प्लेट कोऱ्या आल्या आणि त्यांत पॉझिटिव्ह कंट्रोलचे, म्हणजे ज्याला रंग यायलाच हवा त्या नमुन्याचे, वेलही (प्लेटमधले खळगे) कोरेच होते. खरे तर तिथेच थांबायला हवे होते. त्याऐवजी आम्ही सौम्यीकरण (पातळ करण्याचे प्रमाण) बदलले, प्रतिजन चढवण्याचा वेळ वाढवला, नवे प्रतिपिंड वापरून पाहिले, आणि आठवडा वाया गेल्यावर धुण्याच्या बफरची (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची) बाटली फिरवून मागचे लेबल वाचले, तेव्हा जिवाणू वाढू नयेत म्हणून कोणीतरी त्यात सोडियम अझाइड घातले असल्याचे कळले. अझाइड पेरॉक्सिडेजला निकामी करते. प्रतिपिंड आपापल्या जागी नीट चिकटलेले होते. रंग तयार करणारेच उरले नव्हते. तेव्हापासून मी प्लेटला हात लावण्यापूर्वी एन्झाइम जोडलेल्या प्रतिपिंडाचा एक थेंब, धुण्याचा बफर आणि टीएमबी (पेरॉक्सिडेजमुळे निळा होणारा पदार्थ) एका छोट्या नळीत मिसळून पाहतो. निळा रंग चढला नाही, तर त्या दिवशी प्लेट लावत नाही.

ट्रिस बफरच्या बाबतीत घाई विशेष नडते. आम्ल घातल्यावर द्रावण अजून कोमट असतानाच पीएच मोजायचा, आणि मग तोच बफर कोल्ड रूममध्ये न्यायचा, ही सवय सोडावी. तापमान एक अंश सेल्सियसने उतरले, की ट्रिसचा पीएच सुमारे 0.03 ने चढतो. म्हणजे 25 अंशांवर 7.4 ठेवलेला बफर 4 अंशांवर 8.0 च्या आसपास पोचतो. ज्या तापमानाला काम करायचे, त्याच तापमानाला पीएच जुळवावा.

केएम (एन्झाइमच्या वेगाच्या अभ्यासातला एक आकडा) म्हणजे 'एन्झाइमची ओढ', हे सरसकट लिहू नये. सब्स्ट्रेटच्या (एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थाच्या) ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो, ती संहती म्हणजे केएम. एन्झाइम-सब्स्ट्रेट जोडी सुटण्याच्या मानाने उत्पादन तयार होण्याची पायरी फार संथ असेल, तरच त्यावरून ओढीचा अंदाज बांधता येतो. एन्झाइम अभिक्रियेचा समतोल बदलत नाही, तो लवकर गाठून देते. प्रत्येक प्रतिजन एकट्याने प्रतिकार जागवत नाही. डायनायट्रोफिनॉलसारख्या हॅप्टेनला (एकट्याने प्रतिकार न जागवणाऱ्या लहान रेणूला) वाहक प्रथिनाची साथ लागतेच.

नमुना सौम्य न करताच सँडविच एलायझात (प्रतिजन दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडणाऱ्या प्रकारात) घालणे हा आळशी लोकांचा आवडता जवळचा रस्ता आहे. सगळे घटक एकदमच मिसळायचे असतील, तर अतिरिक्त झालेले प्रतिजन, पकडणाऱ्या आणि दाखवणाऱ्या अशा दोन्ही प्रतिपिंडांना वेगवेगळे व्यापून टाकते, दोघांमध्ये दुवा जुळत नाही आणि भरपूर प्रतिजन असलेला नमुना जवळपास रिकामा दिसतो. मी अनोळखी नमुना निदान तीन सौम्यीकरणांना लावतो, आणि सौम्य केल्यावर रंग गडद झाला, तर पहिला आकडा खोडून टाकतो.