भाकरी, चंद्र आणि 'जणू': अलंकार कसा ओळखावा

आधी ओळीचा अन्वय लावा. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी बसत नसतील तर अलंकाराच्या वाटेला जाऊच नका.

मग शब्द बदलून पाहा. 'काकूने काकडीची कोशिंबीर कालवली' हे 'चुलतीने काकडीची कोशिंबीर मिसळली' असं केलं की अर्थ तोच राहतो, पण गंमत जाते. म्हणजे तो शब्दालंकार, इथे अनुप्रास. 'साहेबांच्या टेबलावर वजन ठेवल्याशिवाय कागद टिकत नाही' यात 'वजन' काढून 'जड वस्तू' घाला. वाक्य उरतं, टोमणा उडतो. हा श्लेष. शब्द बदलूनही गंमत टिकली तर अर्थालंकार. इथवर कोणी फारसं चुकत नाही.

तिसरं, बोलणं कशाबद्दल चाललंय ते ठरवा. ते उपमेय. तुलनेसाठी बाहेरून आणलंय ते उपमान. भाकरीला चंद्र म्हटलं तर भाकरी उपमेय, चंद्र उपमान, आणि गोलपणा हा साधारण धर्म. करपलेले डागही मोजायचे तर मोजा, चंद्रालाही आहेत.

आता खरी गोची. उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक.

मला शिकवणीत एक तक्ता पाठ करायला लावला होता: सम, समान, सारखा, परी दिसलं की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा, काहीच नसेल तर रूपक. तो तक्ता आजही मुलांच्या वह्यांत जसाच्या तसा सापडतो, आणि मी तो आधी खोडायला लावते. 'ती सारखी भाकऱ्या थापत असते.' सांगा, उपमा कुठे आहे? 'मला वाटतं, भाकरी करपली.' यात उत्प्रेक्षा नाही, फक्त करपल्याचा वास आहे. 'आमच्या आजीच्या भाकरीसारखी आजीचीच भाकरी' यात 'सारखी' ठळक बसलंय, पण भाकरीची तुलना त्याच भाकरीशी, तो अनन्वय. मी स्वतः अशा ओळींवर बेधडक 'उपमा' लिहून गुण घालवलेत, तेही एकदा नव्हे.

तक्त्याऐवजी नातं बघा. उपमेय आणि उपमान यांच्यात किती अंतर उरलंय? ही काही माझी शक्कल नव्हे. 11व्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात उपमेची व्याख्या तीन शब्दांत केली: 'साधर्म्यमुपमा भेदे'. भेद कायम ठेवून साम्य, ती उपमा. भेद पुसून टाकला की रूपक. आणि 'हे ते असावं' अशी नुसती संभावना, म्हणजे अटकळ, ती उत्प्रेक्षा. मला हे फार उशिरा कळलं. आधी कळतं तर तक्त्याचा कागद वाया गेला नसता.

तपासायला मी वाक्याला एक शेपूट जोडते: 'पण ती काही चंद्र नाही.'

'भाकरी चंद्रासारखी गोल आहे, पण ती काही चंद्र नाही.' वाक्याचं काहीच बिघडलं नाही. उपमा.

'तव्यावर फुगलेली भाकरी म्हणजे जणू पुनवेचा चंद्रच, पण ती काही चंद्र नाही.' इथे बोलणारा ओशाळतो. मनात एक कल्पना उभी राहत होती, ती आपणच मोडली. उत्प्रेक्षा.

'तव्याच्या आभाळात भाकरीचा चंद्र उगवला, पण ती काही चंद्र नाही.' मग उगवलं काय? भाकरी उगवत नाही, चंद्र उगवतो. शेपूट लावताच क्रियापद निराधार होतं. रूपक.

लेखक यातलं कुठलं निवडतो, यावर सगळं अवलंबून असतं. नारायण सुर्व्यांच्या 'दोन दिवस' कवितेत आधी खरा चंद्र शेकडो वेळा येऊन जातो आणि मग 'भाकरीचा चंद्र' येतो, जो शोधण्यात जिंदगी गेलेली असते. तिथे 'चंद्रासारखी भाकरी' घालून बघा. पाककृतीतलं वाक्य होईल. रूपकामुळे भाकरी चंद्राइतकी लांब जाते, हात पोचत नाही. अलंकाराचं नाव सांगून थांबणाऱ्यांना मी म्हणूनच निम्मेच गुण देते.

एवढं पक्कं झालं की उरलेली भावंडं त्याच तव्यावर भाजून निघतात. 'ही भाकरी नव्हेच, हा चंद्र': अपन्हुती. 'ही भाकरी की चंद्र?': ससंदेह. भाकरी बघून चकोर खरोखरच तव्यावर झेपावला: भ्रांतिमान. 'चंद्राहून भाकरी गोरी': व्यतिरेक. ज्ञानेश्वरांचा मराठी बोल अमृताशी पैज जिंकतो, तोही व्यतिरेकच. 'चुलीतला विस्तव आज रुसून बसलाय' ही चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखं वागायला लावणं. पलीकडचा पेपर वाचता येईल इतकी पातळ भाकरी ही अतिशयोक्ती. दृष्टांतात एक विधान आणि शेजारी तसाच दाखला. तुकोबा लहानपण मागतात आणि लगेच ऐरावताला बसणारा अंकुशाचा मार दाखवतात. 'सारखा' वगैरे सांधा मध्ये लागतच नाही.

'चरणकमल'सारखे समास मात्र जरा जपून. त्यात 'सारखे', 'जणू' काहीच नसतं, म्हणून जो तो डोळे मिटून रूपक लिहितो. क्रियापद बघा. 'चरणकमल उमलले' म्हटलं तर उमलणं कमळाचं, तेव्हा रूपक. 'चरणकमलांत पैंजण वाजले' म्हटलं तर पैंजण पायातच असायचे; तिथे चरण चरणच राहिले, आणि जुने शास्त्रकार त्याला उपमा म्हणतात. दहावीच्या पेपरात मात्र रूपकच लिहा, तपासणाऱ्याशी वाद घालायला तुम्ही तिथे नसता.