फोनवर विचारतात, तेच पानावर लिहा

डिसेंबरातला शनिवार, दुपारचे तीन. पाहुण्यांची घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या काकूंना फोन आला, "आम्ही मुरूडला पोचलो. तुमचं घर नक्की कुठे?" काकू म्हणाल्या, दुर्गादेवीच्या देवळापासून समुद्राकडे वळा. पलीकडून उत्तर आलं, "देऊळ कुठलं? आम्ही राजपुरीच्या जेट्टीवर आहोत, समोर जंजिरा दिसतोय."

काकूंचं मुरूड दापोलीचं, महर्षी कर्व्यांचं. पाहुणे होते रायगडातल्या मुरुडात. मग आगरदांड्याहून दिघी, तिथून बागमांडला, परत फेरीबोट, वेसवी, असं करत ती मंडळी रात्री पोचली तेव्हा सुरमईची आमटी तीनदा गरम करून झाली होती. सोमवारी गूगलवर दोन तारे पडले: "पत्ता दिशाभूल करणारा."

ही माझी पहिली केस. मी तेव्हा पुण्यातली एजन्सीतली नोकरी सोडून दापोलीला परत आलो होतो आणि 'एसइओ करतो' असं सांगत फिरत होतो. सर्च इंजिनमध्ये धंदा दिसावा, चांगला दिसावा, यासाठी करायचं काम म्हणजे एसइओ. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

काकूंचं संकेतस्थळ उघडलं. पानाचं शीर्षक 'होम'. मजकूर, "निसर्गरम्य मुरूडच्या कुशीत वसलेले आपले हक्काचे घर." अख्ख्या संकेतस्थळात 'दापोली' हा शब्द एकदाही नाही! माणसाला कळत नाही कुठलं मुरूड, तर गूगलला कुठून कळणार?

दुसरी गंमत याहून मोठी. गूगलमध्ये इंग्रजीत 'site', मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि लागूनच संकेतस्थळाचा पत्ता टाकला, की त्यातली कुठली पानं गूगलकडे आहेत याचा अंदाज येतो. काकूंचं एकही नव्हतं. पाहुण्यांना लिंक मिळाली होती ती कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली. संकेतस्थळ ज्यावर बनवलं होतं त्या वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या 'रीडिंग' भागात एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी हे संकेतस्थळ घेऊ नये असं सांगणारा. काम चालू असताना बनवणाऱ्याने तिथे टिक केली होती आणि काढायला विसरला. दोन वर्षं! मी टिक काढली, सर्च कन्सोलमध्ये (आपलं संकेतस्थळ शोधात कसं दिसतं ते दाखवणारं गूगलचं फुकट साधन) साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी दिली आणि आठवड्याभरात पानं यायला लागली. नवं काम हातात घेतलं की आधी हे तपासा. नाहीतर बंद दुकानाची पाटी रंगवत बसाल.

आता चूक माझी. टिक काढल्यावर उत्साहात मी एकाकडून पाचशे बॅकलिंक विकत घेतल्या, काकूंच्या पैशाने. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे. कुठले कुठले परदेशी कॅसिनो, गोळ्या-औषधांची पानं, त्यात काकूंचं घर. गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला तो असल्याच दुव्यांसाठी, आणि २०१६ पासून असे दुवे बहुतेक वेळा सरळ मोजलेच जात नाहीत. हे मला वाचून ठाऊक होतं, तरी हात शिवशिवले. तीन महिने काही हललं नाही. काकूंना पैसे परत दिले, हप्त्याने.

त्याच सुमाराला काकूंच्या पुतण्याने घरातल्या सगळ्या फोनवरून पाच-पाच तारे दिले. सगळे एकाच वायफायवर, एकाच संध्याकाळी. ते गायब झाले. काकू म्हणाल्या, "मेलं ते गूगल, आपल्याच माणसांचं खोटं ठरवतंय." पण खोटंच होतं ना ते. सवलत किंवा भेट देऊन रिव्ह्यू लिहून घेणंही नियमात बसत नाही. निघताना पाहुण्यांना साधं सांगायचं, जसं वाटलं तसं लिहा. तेवढं चालतं.

मार्ग सापडला तो काकूंच्या वहीत. फोनवर आलेलं बुकिंग त्या वहीत लिहितात आणि पाहुण्याने काय विचारलं तेही बाजूला टिपून ठेवतात. मी चहा घेत ती वही वाचली. 'ड्रायव्हरची झोपायची सोय?' सोळा वेळा. 'मासे रोज ताजे का?' 'पन्नास सीटची बस दारात येते का?' 'आजीला जिना चढायला लागेल का?' 'खेड स्टेशनवरून गाडी मिळते?' एजन्सीत आम्ही लोक गूगलवर काय शोधतात ते सांगणारं टूल पैसे भरून वापरायचो, तिथे 'दापोली बीच होमस्टे' असले शब्द निघायचे. ते सगळ्यांकडे असतात. ड्रायव्हरचा प्रश्न कुणाच्याच पानावर नव्हता.

मग पानं नव्याने लिहिली. शीर्षक केलं, 'दापोलीजवळचं मुरूड: समुद्रालगत घरगुती राहणं-जेवण'. पहिल्याच ओळीत, 'हे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे.' ड्रायव्हरसाठी पडवीशेजारची खोली, फोटोसकट. बस कुठपर्यंत येते, त्या वळणाचा फोटो. हर्णैच्या लिलावाला कधी निघायचं, आणि १ जूनपासून मासेमारीबंदी लागली की ताटात काय असतं. वेळासला कासवांची पिल्लं कुठल्या महिन्यांत पाहायला मिळतात आणि कधी अजिबात नाहीत, हेही. तिथे काकू कचरल्या, "नाही म्हणून लिहिलंस तर येतील का लोक?" आले. मे महिन्यात कासवं शोधत येऊन चिडणारे तेवढे कमी झाले.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. फोनमधले चार-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे टाकू नका, दोनशे केबीच्या आत आणा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा असते, आणि पाहुणा बघतो तो घाटात एक दांडी रेंज असताना.

नकाशावरच्या नोंदीला मात्र पुरेसा वेळ द्या, कारण कोकणात येणारे बरेच लोक संकेतस्थळ उघडतच नाहीत. ही नोंद म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. तिथे गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही, पण पिन आहे. काकूंची पिन शेजाऱ्यांच्या गोठ्यावर होती. नावात 'बेस्ट बीच होमस्टे' असलं शेपूट जोडू नका, नोंद बंद पडू शकते. पाटीवर आहे तेच नाव लिहा.

राहिले ते दोन तारे. काकूंनी रागाने लिहिलेलं उत्तर होतं, "नकाशा बघता येत नाही तर फिरायला कशाला येता?" ते काढायला लावलं. बसून दुसरं लिहिलं: "तुम्हाला दोन फेरीबोटी करून रात्री यावं लागलं, मुलं दमली होती. आमच्या पानावर दापोली लिहिलेलं नव्हतं, ती चूक आमची. आता लिहिलंय. पुन्हा आलात तर खेडमार्गे या, सोपं पडतं." त्या कुटुंबाने तारे बदलले नाहीत. पण नंतर फोन करणाऱ्या दोघांनी सांगितलं, ते उत्तर वाचून फोन केला.

पैसे मागताना पहिल्या नंबरची हमी देऊ नका, ती कुणालाच देता येत नाही. परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं असं गूगलच सांगतं. मी गिऱ्हाइकाला ते आधीच सांगतो आणि दर महिन्याला लोक कुठले शब्द शोधून आले ते सर्च कन्सोलमधून कागदावर छापून नेऊन देतो. आंबेवाल्यांचं काम घेणार असाल तर दिवाळीच्या आसपास सुरू करा. पेट्या भरायला लागल्यावर एसइओ करायचा म्हणजे लग्नाच्या दिवशी मुलगी बघायची.

परवा काकूंकडे बसलो होतो, ठाण्याहून फोन आला. स्पीकरवरच होता. "ड्रायव्हरच्या खोलीचं वाचलं, जंजिऱ्याचं पण वाचलं. पण आमच्या ड्रायव्हरला सोमवारचा उपास असतो, खिचडी मिळेल का?"

काकूंनी हो म्हटलं, फोन ठेवला आणि वही माझ्याकडे सरकवली. "घे, लिही."