संघाच्या बैठकीत लिव्हिंग विलचा विषय कसा काढावा

लिव्हिंग विल म्हणजे शेवटच्या आजारपणात कोणते उपचार नकोत, हे आपणच आधी लिहून ठेवलेला कागद. त्यावरच्या बैठकीसाठी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर मी आधी लिहिलं होतं, ‘मृत्यूविषयी थोडेसे’. सात जण आले, त्यातले दोघे चहापुरते. एक आजी तर दारातूनच म्हणाल्या, “शुभ बोल गं!” पुढच्या महिन्यात लिहिलं, ‘आयसीयूबाहेर मुलं कशावर सह्या करतात?’ खुर्च्या कमी पडल्या.

सुरुवात घरच्या गोष्टीने करा, कायद्याने नको. मी माझ्या भावाचं सांगते. एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होता. डॉक्टरांनी विचारलं, “त्यांची स्वतःची इच्छा काय होती?” वहिनी माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. तो चहात साखर किती घेतो हे दोघींना पाठ, हे मात्र कधी विचारलंच नव्हतं. एवढं सांगून गप्प बसायचं. मग लोक आपापल्या घरचं काढतात. तेव्हा मध्ये तोंड घालू नका, घड्याळही बघू नका.

“म्हणजे इच्छामरण ना?” हे कोणीतरी विचारतंच. तिथे स्पष्ट बोला. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे गुन्हाच आहे. बरं होण्याची आशा संपल्यावर निव्वळ श्वास लांबवणारी यंत्रं नकोत, एवढंच लिव्हिंग विलच्या कागदात असतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली त्याला मान्यता दिली. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोणी फिरकेना. २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव त्यात घालायचं. एक प्रत त्याला, एक फॅमिली डॉक्टरांना, एक महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं.

“मुलं पैशासाठी नळी काढायला लावतील” ही भीती कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलते. नुसत्या मुलांच्या सांगण्यावरून काही होत नाही. डॉक्टरांची दोन वेगवेगळी मंडळं तपासतात, प्रत्येकात किमान तिघे.

आणि यंत्रं काढली म्हणजे माणूस वाऱ्यावर सोडला असं नाही, हे दोनदा सांगा. दुखणं, धाप, घशातली घरघर यांवर औषधं चालूच राहतात. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून हेच काम करतंय. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र आहे, कॅन्सरच्या रुग्णांकडून तिथे पैसे घेत नाहीत. मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधाचं नाव काढलं की लोक दचकतात. तो प्रश्न डॉक्टरांवर सोपवा, आपण शहाणपण करू नये.

शेवटी मी माझा स्वतःचा कागद फिरवते. कोरा नमुना कोणी वाचत नाही, दुसऱ्याचा भरलेला सगळे वाचतात. मागच्या खेपेला एका काकांनी चष्मा पुसून तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “मुलीचं नाव पहिलं, मुलाचं दुसरं. मुलाला माहितीय?”

नव्हतं. त्या रात्री न्यू जर्सीला फोन लावला.