ड्यूटीवर निघण्याआधीची पेज

बी.एस्सी. नर्सिंगला लागल्यावर पहिले काही महिने मी गोव्यातल्या साखळी गावाहून ये-जा करायचे. क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, सुरू झालं आणि पहाटे पावणेपाचचा गजर लागला. अंधारात बस, पणजीला उतरून दुसरी बस आणि साडेसातला वॉर्डात 'ओव्हर', म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती घेणं. पोटात चहा आणि दोन बिस्किटं. आई रोज म्हणायची, "बाय, चार घोट पेज तरी घे," आणि मी रोज म्हणायचे, "बस चुकेल."

मग कम्युनिटी पोस्टिंगच्या, म्हणजे वस्तीत जाऊन करायच्या कामाच्या, तयारीत आम्ही एकमेकींचं हिमोग्लोबिन तपासलं. माझं 9.8 निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं 12 च्या खाली असलं की अ‍ॅनिमिया, हे मी त्याच आठवड्यात चार्टवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. बोट टोचून घेणाऱ्या आम्ही सगळ्याजणी हसलो, पण संध्याकाळी बसमध्ये मला हसू येईना. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. घरी मी दोनच बदल केले. जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलला, कारण चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. आणि तांबड्या भाजीवर, कुळथाच्या कढणावर लिंबू पिळायला लागले. पेजेचं म्हणाल तर उकड्या तांदळाची पेज रात्रीच करून ठेवायची, सकाळी गरम करून मिठाबरोबर उभ्याउभ्या प्यायची. चार मिनिटं लागतात. मी मोजली आहेत. त्यावर कॅन्टीनचा भाजी-पाव दहा वाजता खाल्लात तरी माझी तक्रार नाही.

नव्या मुलींना मी सगळ्यात आधी पाण्याबद्दल विचारते. वॉर्डात बाथरूमला जायला वेळ मिळत नाही, विचारायला लाज वाटते, म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही युक्ती प्रत्येक बॅच नव्याने शोधून काढते. मीही काढली होती. लघवीचा संसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला आणि चार दिवस घरी. ते चार दिवस मला सुट्टीत भरून द्यावे लागले, कारण प्रॅक्टिकलची हजेरी परीक्षेला 80 टक्के चालते, पण पदवी हातात पडायला 100 टक्केच लागते. तेव्हापासून माझी बाटली बी.पी.च्या फेरीला बांधलेली आहे. एक फेरी संपली की पाव बाटली. आणि बाथरूमला जायचं असेल तर सरळ "सिस्टर, दोन मिनिटांत येते" म्हणावं. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

व्यायामाचं मोठं व्रत घेऊ नका, जूनचा पाऊस ते धुऊन नेतो. मी एक थांबा आधी उतरते. बारा मिनिटं चढ, परत येताना बारा मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस. झाली 144. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटं झपाट्याने चालायला सांगते, उरलेली सहा रविवारच्या बाजारात निघतात.

बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात तेव्हा. पावसाळ्यात पिशवीत मोज्यांचा दुसरा जोड हवाच. ओल्या मोज्यांत आठ तास काढले की बोटांच्या बेचक्यांत काय होतं, ते त्वचारोगाच्या पोस्टिंगला कळेलच.

नाईटला रात्री दोन वाजल्यानंतर कॉफी नको. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला प्यायलात तर नऊ वाजता अंथरुणावर पडून पंख्याकडे बघत राहाल. आणि नाईट संपल्यावर स्कूटर चालवत घरी जाऊ नका, बसने जा. झोप लागलीच तर कंडक्टर उठवतो.

वॉर्डात पाय ठेवण्याआधी हेपॅटायटिस-बीच्या लशीचे तीन डोस सुरू करा: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि ताबडतोब इन्चार्जना सांगायचं. एच.आय.व्ही.ची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. ओरडा खाण्याच्या भीतीने माझ्या एका मैत्रिणीने संध्याकाळपर्यंत लपवलं होतं. तिचे रिपोर्ट चांगले आले, पण ते तीन महिने तिने कसे काढले ते मी पाहिलंय.

मनाचं बोलायला सगळ्यात जड जातं. फार कोंडलं तर 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे. त्यांच्याशी मराठीतही बोलता येतं. मी तो दुसऱ्या वर्षी एकदा लावला. पण त्याआधी, माझ्या हाताखालचा पहिला पेशंट गेला त्या दुपारी, मला काहीच सुचत नव्हतं. सात दिवस त्या आजोबांची तोंडाची निगा मी घेत होते. मी चार्ट पुढ्यात घेऊन बसले आणि वेळ लिहिताना हात थांबला. शेजारच्या जुन्या सिस्टरने चार्ट माझ्या हातातून काढून घेतला, स्वतः लिहायला.

"पयलीं तोंड धू, मागीर जेव," ती कोकणीत म्हणाली. "हें हांव बरयतां."