पोलीस ठाण्यातलं फुटेज पुसलं जाण्याआधी

ठाण्यात मारहाण किंवा दमदाटी झाली, तर सीसीटीव्हीचं फुटेज मिळवायला उशीर करू नका. सविस्तर तक्रार नंतर लिहिता येते.

१. फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज शक्यतो त्याच दिवशी द्या. तारीख, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, नेमकी जागा (प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा) लिहा. ‘त्या दिवशीचं फुटेज’ एवढंच मोघम लिहिलं की टाळायला निमित्त मिळतं.

२. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या आदेशाचा उल्लेख करा: रेकॉर्डिंग १८ महिने, तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष ठेवायचं.

३. शिक्का-सहीची पोच घ्या. नाकारली, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना स्पीड पोस्टाने; पावती जपा.

अंदाजाने कुणाचं नाव घालू नका. पोलिसाचा बक्कल नंबर (त्याचा ओळख क्रमांक) किंवा वर्णन पुरतं.